'हाउसवाइफ' म्हणजे चंची का? (शिपायाची सुईदोऱ्याची गुंडाळी)

फावल्यावेळी: पहिल्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश शिपायाची पत्रं मराठीत आणतेय. सामानाच्या यादीत वस्तरा, साबण, मोजे आणि एक 'हाउसवाइफ'! यांत्रिक भाषांतराने पाठपिशवीत थेट गृहिणी कोंबली. वस्तू अशी: कापडाची लांबट पट्टी, आत खण, त्यांत सुया, दोरा, बटणं, अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी). गुंडाळायची आणि नाडीने बांधायची. बोलताना 'हझिफ' म्हणत. मी 'चंची' लिहिलं, तर संपादक म्हणतात चंची पानतंबाखूचीच. तुमच्याकडे काय म्हणतात?

दगडीवाडा: संपादक बरोबर आहेत. चंची सोडली म्हटलं की पान, कात, चुना. वाचकाला वाटेल टॉमी, म्हणजे तुमचा ब्रिटिश शिपाई, खंदकात बसून तंबाखू मळतोय. सरळ 'बटवा' लिहा.

खालाटी: बटवा कसा होईल? बटव्याचं तोंड आवळलेलं, आत हात घालून चाचपायचं. सुया असतील तर बोटांचं कल्याणच! चंची उलगडली की सगळं समोर. माझ्या आजीच्या चंचीत एका खणात सुपारी नि शेजारच्यात सुईदोरा असे. सुपारीबरोबर कधी दोराही दाताखाली यायचा.

बोरूबहाद्दर: आपल्याकडे शब्द असताना उसनवारी कशाला? पालीत 'सूचिघर' आहे. भिक्षूने हाडाचं, हस्तिदंताचं किंवा शिंगाचं सूचिघर करवून घेतलं तर ते मोडून टाकायचं, असा विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथात, नियमच आहे. 'सूचिगृह' लिहा.

दगडीवाडा: टॉमीच्या पिशवीत सूचिगृह? त्यापेक्षा गृहिणी बरी हो काका.

खालाटी: आणि हाडाशिंगाचं म्हणजे ती डबी झाली. इथे कापड आहे. बाय द वे, चंची उसनी कधीपासून?

टीपघाल: नाव काहीही ठेवा, मी शिवलीय. हातभर लांब, चार-पाच बोटं रुंद पट्टी, अस्तर जुन्या धोतराचं. खणांची वरची कड आधी दुमडून टीप घालायची, मग ते पट्टीवर बसवायचे. गोट सगळ्यात शेवटी, चारी बाजूंनी एकदम, नाडी त्याच्यातच पकडायची. सुयांसाठी मात्र गरम कापडाचं पान लावा. सुती ओल धरतं, कोकणातल्या पावसाळ्यात सुया गंजून कापडाला डाग पडतात. अंगुस्तानाचा खण खोल हवा, नाहीतर गुंडाळताना निसटतं.

बोरूबहाद्दर: अंगुस्तान हे अंगुष्ठत्राणाचंच घासलेलं रूप, बरं का.

दगडीवाडा: काहीतरीच! फारसी 'अंगुश्ताना'. अंगुश्त म्हणजे बोट. आणि शिंपी ते अंगठ्यात घालतो की मधल्या बोटात?

खालाटी: फारसी अंगुश्त नि संस्कृत अंगुष्ठ मुळात भाऊभाऊच. भांडता कशाला?

बोरूबहाद्दर: धनुर्धारी अंगुलित्राण वापरत, ते काय इराणहून मागवत होते?

फावल्यावेळी: मंडळी, चंची ठेवू की काढू? 'शिवणाची चंची' केलं तर?

दगडीवाडा: 'शिवणाची' लावावं लागतंय, यातच आलं सगळं.

खालाटी: मग 'औषधाचा बटवा' म्हणताना काय होतं?

टीपघाल: आमचा शिंपी अंगुस्तानाला नुसतं 'टोपण' म्हणायचा. हे कुठल्या भाषेतलं, काका?

बोरूबहाद्दर: थांबा, कोश काढतो.