नाटकांच्या ब्लू-रे डिस्क: जशाच्या तशा कशा उतरवायच्या, आणि एमपी४ केली की हालचाल का अडखळते?

तिसरी_घंटा:

हौशी नाट्यसंस्थेच्या प्रयोगांच्या १८ ब्लू-रे डिस्क आहेत. सगळ्या बीडी-आर (एकदाच लिहिता येणाऱ्या ब्लू-रे), २५ जीबीच्या, २०१० ते २०१४ या काळातल्या. चित्रीकरण संस्थेचंच, एव्हीसीएचडी (हँडीकॅमचा एचडी प्रकार) कॅमेऱ्यावर, १०८०आय ५० (सेकंदाला ५० अर्धी चित्रं). डिस्कमध्ये बीडीएमव्ही नावाचा फोल्डर, त्यात स्ट्रीम, आणि स्ट्रीममध्ये ००००० पासून पुढे एम२टीएस फायली. एका प्रयोगाच्या कधी तीन, कधी नऊ. लॅपटॉप विंडोज ११ चा, ड्राइव्ह यूएसबीचा.

अडचणी अशा:
१. फोल्डर कॉपी केला तर चालेल की आयएसओच (अख्ख्या डिस्कची एक फाइल) करावी?
२. हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फास्ट १०८०पी३०’ हे तयार सेटिंग लावून एमपी४ केली तर पात्रं चालताना हालचाल अडखळते. त्यातला डीइंटरलेस (अर्धी चित्रं जुळवणारा) फिल्टर बंद केला तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात.
३. एम२टीएस फायली जोडल्या की दुसऱ्या अंकाच्या अखेरीस आवाज आणि ओठ जुळत नाहीत.
४. दोन डिस्क ४० टक्क्यांच्या आसपास अडकतात आणि ड्राइव्ह नुसता घरघरत राहतो.

जुनी_तबकडी:

आधी बॅकअप, मग एमपी४. ही दोन वेगळी कामं आहेत. हँडब्रेकमधून निघालेली फाइल कितीही चांगली दिसली तरी ती पाहायची प्रत, मूळ नव्हे. उद्या नवा फॉरमॅट आला तर रूपांतर पुन्हा मूळ प्रवाहातूनच करावं लागेल.

फोल्डर कॉपी करून चालतं, पण मग बीडीएमव्ही आख्खा घ्या. बरेच जण फक्त स्ट्रीम उचलतात आणि प्लेलिस्ट व क्लिपइन्फ मागे ठेवतात. कोणती फाइल कोणत्या क्रमाने, कुठून कुठपर्यंत वाजवायची हे त्या दोघांत लिहिलेलं असतं. तुमच्या तिसऱ्या अडचणीचं मूळ तिथेच आहे.

मी मात्र आयएसओ करायला सांगेन. एका डिस्कची एकच फाइल होते, काही मागे राहण्याचा प्रश्न नाही, आणि विंडोज ११ मध्ये डबल-क्लिक केलं की ती डिस्कसारखीच उघडते. इमगबर्न या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कवरून इमेज करण्याचा पर्याय घ्या. एक सेटिंग आवर्जून तपासा: वाचनातल्या चुकांकडे दुर्लक्ष करण्याची खूण बंद हवी. ती चालू राहिली तर न वाचलेल्या जागी शून्यं भरली जातात, फाइल पूर्ण मापाची दिसते आणि खड्डा आहे हे पुढे कधीतरी प्रयोग पाहताना कळतं.

२५ जीबीची डिस्क विंडोजमध्ये २३.३ दिसते. त्यात काही गहाळ नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. पूर्ण डिस्क २५,०२,५३,१४,८१६ बाइट्सची असते. ज्या हार्ड डिस्कवर उतरवणार ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी. फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल मावतच नाही.

वेळेचा हिशेब: ब्लू-रेचा एकपट वेग सेकंदाला ४.५ एमबी, म्हणजे भरलेल्या डिस्कला दीड तासाहून थोडं जास्त. चौपट वेगाने २५ ते ३० मिनिटं धरा. पोर्टेबल ड्राइव्ह यूएसबी हबला लावू नका, वीज कमी पडते आणि मध्येच वाचन तुटतं. दोन तोंडांची वायर सोबत आली असेल तर दोन्ही तोंडं लॅपटॉपलाच.

इमेज झाली की सर्टयुटिल या विंडोजच्या कमांडने तिचा एसएचए-२५६ (फाइल जराही बदलली तर बदलणारा ठसा) काढा आणि त्याच नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी केल्यावर तिथेही काढा आणि दोन्ही ताडून पाहा. १८ डिस्कचे जास्तीत जास्त ४५० जीबी होतात, १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क पुरतात. त्या दोन वेगळ्या घरी ठेवायच्या. एकाच कपाटात ठेवल्या तर दुसरीचा उपयोग काय?

स्वच्छ_प्रत:

आवाज सरकण्याबद्दल. तुमचा आवाज बहुधा एसी३ (डॉल्बी डिजिटल) आहे. एसी३ची एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची, तर २५ फ्रेमच्या चित्राची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. त्यामुळे फाइल जिथे तुटते तिथे चित्र आणि आवाज एकाच क्षणी संपत नाहीत. जोडणारं सॉफ्टवेअर वेळेचे शिक्के न पाहता चित्रामागे चित्र आणि आवाजामागे आवाज चिकटवत गेलं, तर दर सांध्याला काही मिलिसेकंदांची चूक राहते आणि पुढे साठत जाते. नऊ फायलींना आठ सांधे. प्रत्येकी ३२ धरले तर २५६ मिलिसेकंद, म्हणजे सहा फ्रेम. संवाद प्रधान नाटकात एवढं लगेच कळतं.

उपाय: फायली हाताने जोडूच नका, प्लेलिस्ट उघडा. आयएसओ माउंट करा (डबल-क्लिकने उघडा), टीएसमक्सर या प्रवाह जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्लेलिस्ट फोल्डरातली एमपीएलएस फाइल टाका आणि एकच एम२टीएस बाहेर काढा. किंवा मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरला आयएसओ द्या, ते शीर्षकांची यादी दाखवेल. त्यातलं सर्वात लांब घ्या आणि एमकेव्ही काढा. मिनिट-दोन मिनिटांची शीर्षकं बहुतेक मेनूची किंवा श्रेयनामावलीची असतात. दोन्ही रीतींत चित्र पुन्हा दाबलं जात नाही, फक्त पेटी, म्हणजे फाइलचा प्रकार, बदलते. म्हणून हे दहा-पंधरा मिनिटांत उरकतं आणि दर्जा तसूभरही घटत नाही.

एक फाटा. काही डिस्कवर आवाज एसी३ ऐवजी एलपीसीएम (न दाबलेला आवाज) असेल, तर एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या सॉफ्टवेअरने तो जसाच्या तसा एमकेव्हीत घालता येत नाही, ते चूक दाखवून थांबतं. ब्लू-रेवरच्या एलपीसीएमची मांडणी वेगळी असते. आवाज फ्लॅकमध्ये घ्या. फ्लॅकमध्ये काही गमावलं जात नाही आणि जागाही वाचते.

विषमरेषा:

आता दाते. १०८०आय ५० म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं: एकात १, ३, ५ या रेषा, पुढच्यात २, ४, ६. दोन अर्ध्या चित्रांमध्ये २० मिलिसेकंद गेलेले असतात. तेवढ्यात हात सरकला की दोन्ही अर्धी एकत्र ठेवल्यावर कडेला कंगवा दिसणारच. मूळ डिस्क टीव्हीवर नितळ दिसते कारण टीव्ही किंवा प्लेअर हे काम आपलं आपण करतो.

‘फास्ट १०८०पी३०’ मधला फिल्टर दाते काढतो, पण ५० क्षणांतून २५ फ्रेम करतो. म्हणजे निम्मी हालचाल फेकली. अडखळणं त्याचंच. ५० च्या ५० ठेवायच्या असतील तर असं करा:

फिल्टर्समध्ये इंटरलेस ओळखण्याचा पर्याय बंद. डीइंटरलेसला ब्वडिफ, आणि प्रीसेट बॉब (प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण फ्रेम करणारा). जुन्या आवृत्तीत ब्वडिफ नसेल तर याडिफ आणि बॉब. व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ५०, स्थिर. हा आकडा बदलायला विसरलात तर ३० ची मर्यादा तशीच राहते आणि बॉबने केलेल्या फ्रेम पुन्हा गाळल्या जातात. मग फिल्टर बदलूनही फरक दिसत नाही म्हणून लोक वैतागतात.

ऑटो-क्रॉप बंद करा. नाटकात हे फार नडतं. अंधारातला रंगमंच, मध्यभागी एकच झोत, आणि सॉफ्टवेअरला वाटतं कडेचा काळा भाग म्हणजे पट्ट्याच. चौकट कापली की विंगेतून येणारं पात्र अर्धं गायब.

एनकोडर (चित्र दाबणारा) एक्स२६४, आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा जास्त) २०, प्रीसेट स्लो. इथे एक खाच आहे: १०८०पी ५० ला एच.२६४ (एक्स२६४ ज्या पद्धतीने दाबतो ती) ची ४.२ लेव्हल, म्हणजे क्षमतेची पायरी, लागते. जुने टीव्ही ४.१ पर्यंतच नेमाने वाजवतात, त्यांच्यावर चित्र थिजतं किंवा फाइल उघडतच नाही. तशा टीव्हीसाठी ७२०पी ५० करा. नाटकाला हालचाल नितळ असण्याचं मोल रेषांपेक्षा जास्त आहे, असं माझं मत.

काळोख्या प्रवेशांत पार्श्वभूमीवर रंगाच्या पायऱ्या दिसत असतील तर एक्स२६५ १०-बिट, आरएफ २० ते २२. बहुतेक ४के टीव्ही ते वाजवतात. पण १०-बिट एच.२६४ करू नका, तो बऱ्याच टीव्हींना चालत नाही.

आरएफ म्हणजे दर्जा ठरवणं, आकार नव्हे. कमी उजेडात कॅमेऱ्याने गेन वाढवून टिपलेल्या दृश्यात ठिपके खूप असतात आणि फाइल फुगते. त्याच सेटिंगला एक प्रयोग ६ जीबी आणि दुसरा १२ जीबी होईल. मूळ प्रवाह सेकंदाला २० मेगाबिट असेल तर २ तास ४० मिनिटांचे २४ जीबी होतात, म्हणजे तुमच्या डिस्क भरलेल्या का आहेत ते कळेल. अख्खा प्रयोग लावण्याआधी रेंजमध्ये सेकंद निवडून दोनच तुकडे करून पाहा: सर्वात काळोखा प्रवेश आणि सर्वात जास्त पळापळीचा. ग्राफिक्स कार्डाचा एनकोडर वेगवान आहे, पण तोच दर्जा हवा तर फाइल मोठी होते. १८ प्रयोगांसाठी रात्रभर प्रोसेसर चालवणं परवडतं.

तिसरी_घंटा:

बॉब आणि ५० केल्यावर हालचाल डिस्कसारखीच दिसतेय. एमपीएलएसने आवाजही जुळला. पण त्या एमपी४ ला काही अँड्रॉइड फोनवर चित्र येतं, आवाज नाही. शिवाय संस्थेच्या कपाटात चित्रपटांच्या विकतच्या दोन ब्लू-रे आहेत, त्यांनाही हीच रीत?

स्वच्छ_प्रत:

एसी३ तसाच पुढे पाठवला गेलाय. बऱ्याच फोनमध्ये तो वाजवण्याची सोयच नसते. पहिला ट्रॅक एएसी (आवाजाचा दुसरा प्रकार) स्टिरिओ १९२ केबीपीएस, दुसरा मूळ एसी३. क्रम महत्त्वाचा, कारण साधे प्लेअर पहिलाच ट्रॅक उचलतात. वेब ऑप्टिमाइझ्डची खूणही करा. त्याने फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि लिंकवरून पाहताना पूर्ण उतरेपर्यंत थांबावं लागत नाही.

नियमावर_बोट:

विकतच्या डिस्कवर एएसीएस या कॉपी-संरक्षणाचं कुलूप असतं, त्यामुळे तिथे ही रीत लागू नाही. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ए आलं: हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्या दोन डिस्क कपाटातच राहू द्या.

तुमच्या स्वतःच्या चित्रीकरणाबद्दलही एक: हार्ड डिस्कवर जपणं वेगळं आणि यूट्यूबवर चढवणं वेगळं. संहिता नाटककाराची असते. प्रयोगाची परवानगी घेतली होती म्हणजे चित्रफीत प्रसिद्ध करण्याची मिळाली असं होत नाही. ती लेखी मागा, संगीत दुसऱ्याचं असेल तर त्याचीही.

जुनी_तबकडी:

अडकणाऱ्या दोन डिस्क राहिल्या.

प्रथम वेष्टन किंवा डबी पाहा. ‘एलटीएच’ लिहिलं असेल तर त्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा थर आहे. नेहमीच्या बीडी-आरमध्ये असेंद्रिय थर असतो आणि तो जास्त टिकतो. १८ पैकी जेवढ्या एलटीएच असतील त्या आज चालत असल्या तरी आधी उतरवा.

पुसताना मऊ मायक्रोफायबर, मध्यापासून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. टूथपेस्ट, पॉलिशचं यंत्र हे डीव्हीडीचे उपाय इथे लावू नका. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिमी आत असतो, ब्लू-रेत फक्त ०.१ मिमी, आणि वर कठीण लेप. घासलं की तो लेपच जातो.

मग विंडोज सोडा. उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हने लॅपटॉप चालू करून जीएनयू डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचणारं सॉफ्टवेअर बसवा. सेक्टरचं माप २०४८ द्या आणि मॅपफाइलचं (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) नाव द्यायला विसरू नका. पहिली फेरी ‘एन’ पर्यायाने: जे सहज वाचतं ते सगळं घेऊन पुढे जायचं, खराब जागी झगडत बसायचं नाही. दुसरी फेरी ‘डी’ आणि ‘आर ३’ ने, फक्त राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्न. त्यानंतरही काही उरलं तर डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, शक्यतो डेस्कटॉपच्या मोठ्या ड्राइव्हमध्ये, आणि तीच इमेज, तीच मॅपफाइल देऊन पुन्हा चालवा. आधी मिळालेलं ते परत वाचत नाही. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसणं यात नवल नाही, लेझर आणि चूक-दुरुस्तीची क्षमता प्रत्येकाची वेगळी.

ब्लू-रेवर चूक-दुरुस्ती ६४ केबीच्या गठ्ठ्यांनी होते, म्हणून सहसा ३२ सेक्टर एकदम जातात. २० मेगाबिटच्या चित्रात ते जेमतेम २६ मिलिसेकंद, पण पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत, साधारण अर्धा सेकंद, चौकोन दिसतील. असे पाच-सात खड्डे असले तरी प्रयोग पाहण्याजोगा राहतो. खड्डा नेमका प्लेलिस्टवर पडला तर घाबरू नका: बीडीएमव्हीच्या आत बॅकअप नावाचा फोल्डर असतो, त्यात प्लेलिस्ट आणि क्लिपइन्फच्या प्रती मिळतात. त्या मूळ जागी ठेवून टीएसमक्सरला द्या.

उतरवून झाल्यावर पुन्हा नव्या बीडी-आरवर जाळायचा विचार असेल तर लक्षात घ्या, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. आणि मॅपफाइल इमेजशेजारीच ठेवा. कुणाकडे तिसरा ड्राइव्ह मिळाला तर काम तिथूनच पुढे सुरू करता येईल.