मदत हवी आहे: राजाशी निष्ठेची शपथ टाळता येते का? (तातडीचं)

चिडका_बिब्बा
गुरुवारी परदेशी नागरिकत्वाचा शपथविधी आहे. मजकूर आज नीट वाचला. 'राजे चार्ल्स तिसरे, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी' यांच्याशी एकनिष्ठ राहीन म्हणे! जन्मभर २६ जानेवारी साजरी करून आता हे? तेवढी ओळ गाळून बाकीचं म्हटलं तर चालतं का? आणि ज्याला निवडून दिलं नाही, घरीही पाठवता येत नाही, त्या राजाचा लोकशाहीत उपयोग काय, तेही कुणीतरी पटेल असं सांगा. विकिपीडिया वाचून झालाय.

गवती_चहा
देश कुठला ते लिहा की राव. ऑस्ट्रेलिया असेल तर विषयच मिटला. तिथल्या शपथेत १९९४ पासून राजा-राणी नाहीत.

रिकामा_पेठकर
देश कुठलाही असो, भारतीय पासपोर्ट सरेंडर करायला विसरू नका. त्या कागदाशिवाय ओसीआयचं (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काम अडतं. फोटो चौकोनी लागतो.

चिडका_बिब्बा
पासपोर्टचं मी विचारलंच नाहीये! देश कॅनडा. शपथविधी झूमवर.

मेपल_मावशी
बिब्बेराव, ओळ गाळता येत नाही. 'स्वेअर' (शपथ घेतो) ऐवजी 'अफर्म' (प्रतिज्ञा करतो) म्हणता येतं. त्याने धार्मिक अडचण सुटते, राजा तिथेच राहतो. याच ओळीवरून तिघे कोर्टात गेले होते. २०१४ साली ऑन्टारिओच्या अपील कोर्टाने सांगितलं की ही निष्ठा माणसाशी नाही, राज्यपद्धतीशी आहे. शपथ घेऊन दुसऱ्या दिवशी 'राजेशाही बंद करा' म्हणून मोर्चा काढलात तरी कुणी अडवत नाही. सुप्रीम कोर्टाने तर पुढे प्रकरण ऐकायलाच घेतलं नाही.
कात्री हाताशी ठेवा. कॅमेऱ्यासमोर पीआर कार्ड (कायम रहिवासाचं कार्ड) कापून दाखवावं लागतं. आमच्या ह्यांनी ऐन वेळी कोथिंबिरीची कात्री आणली, ती नुसतीच घसरत होती आणि समोरचा अधिकारी ताटकळलेला.

चावडीवरचा
उपयोगाचं मी सांगतो. सगळ्यात वरची खुर्ची भरलेली असली की पंतप्रधानाला तिच्यावर बसता येत नाही. बास, एवढाच उपयोग, आणि तो मोठा आहे. स्पेन, २३ फेब्रुवारी १९८१. बंदूकधारी संसदेत घुसले, खासदार बाकांखाली. मध्यरात्रीनंतर राजा हुआन कार्लोस लष्करी गणवेशात टीव्हीवर आला, बंडाला आपला पाठिंबा नाही म्हणाला आणि बंड बसलं.

निळी_शाई
तोच हुआन कार्लोस आर्थिक व्यवहारांच्या चौकश्या चालू असताना २०२० मध्ये देश सोडून अबूधाबीला गेला, ते सोयीस्कर गाळलंत! एका रात्रीच्या पुण्याईवर किती वर्षं पोसायचं? ऑस्ट्रेलियात ११ नोव्हेंबर १९७५ ला राणीच्या प्रतिनिधीने, जॉन कर यांनी, निवडून आलेल्या पंतप्रधान व्हिटलमना घरी बसवलं. २०१९ मध्ये लंडनला संसद तहकूब करायला राणीने मंजुरी दिली, आणि ११ न्यायाधीशांनी ती तहकुबी एकमताने बेकायदा ठरवली. राखण कोर्टाने केली, राणीने नाही.

चावडीवरचा
आणि आपल्या निवडलेल्या राष्ट्रपतींनी? २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीवर सही केलीच ना? वर्षही तेच.

आठवा_रंग
राज्यपालांच्या सह्या निघाल्याच आहेत तर पहाटेचा शपथविधी पण घ्या की चर्चेला :)

संपादक
पक्षीय राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. इथे नको.

अजिंक्यताऱ्यावरून
काय कॅनडा-स्पेन घेऊन बसलात! छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यात, ही घटनात्मक राजेशाही आपल्याकडे १८व्या शतकातच होती.

निळी_शाई
त्यात घटना कुठे होती, आणि पेशव्याला मत कोण देत होतं? मुलाच्या हाती वस्त्रं गेली की झाला पेशवा. एकाऐवजी दोन घराणी झाली, एवढंच.

गवती_चहा
बिब्बेराव, तुम्ही ज्या २६ जानेवारीत वाढलात तीही याच साच्यातली. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितलं होतं की इंग्लंडच्या घटनेत राजाचं जे स्थान, तेच आपल्या राष्ट्रपतींचं: राज्याचा प्रमुख, पण कारभाराचा नाही. आपण खुर्ची ठेवली, फक्त वारस काढून टाकला. कॅनडाला तेवढंही जमणं अवघड आहे. १९८२ च्या घटनेप्रमाणे राजाचं पद हलवायचं तर संसदेबरोबर दहाच्या दहा प्रांतांची संमती लागते, आणि क्वेबेक-अल्बर्टा साध्या गोष्टीवर एकत्र येत नाहीत.

चिडका_बिब्बा
खुर्चीचं पटलं, वारसांचं नाही. 'अफर्म' म्हणून टाकतो. पण मुलगा अडून बसलाय, तो शपथ घेणारच नाही म्हणतो. त्याचं काय करू?

मेपल_मावशी
मुलगा आहे हे आत्ता सांगताय? वय किती?

चिडका_बिब्बा
ऑगस्टमध्ये १४ पूर्ण होतील.

मेपल_मावशी
मग त्याला शपथ लागतच नाही, १४ पूर्ण झालेल्यांनाच घ्यावी लागते. तो सुटला, तुम्ही नाही. समारंभ झाला की शपथेच्या फॉर्मवर सही करून पाठवायचा असतो, तो आजच डाउनलोड करून ठेवा.