कोचीला जहाज दिवसभर थांबतं: जहाजाची बस धरायची का आपलं आपण फिरायचं?

मास्तर_आर्वी (धागा सुरू)

मुंबईहून निघणाऱ्या काही क्रूझ लक्षद्वीपच्या वाटेवर कोचीला एक दिवस थांबतात. आपल्या भागातले निवृत्त शिक्षक, बचत गटाच्या बाया, कापूस-सोयाबीन निघाल्यावर मोकळी झालेली जोडपी आता या सहलीलाही जाऊन राहिली. प्रत्येक गटात वाद एकच: जहाजावर माणशी पैसे घेऊन जी शहर-सहल विकतात, ती घ्यायची का नाही?

माझं मत: घेऊ नका. फोर्ट कोचीचा जुना भाग पायी फिरण्याएवढाच आहे. मासे धरायची चिनी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च, डच दफनभूमी, सांताक्रूझ बॅसिलिका (मोठं चर्च) हे सगळं एक-दीड किलोमीटरच्या आत येतं. चंद्रपुरात जटपुरा गेटपासून अंचलेश्वरापर्यंत चालणाऱ्याला हे काहीच नाही. जहाज लागतं विलिंग्डन बेटावर. हे बेट बरंचसं बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाचं, बंदर बांधणारा इंग्रज इंजिनीअर रॉबर्ट ब्रिस्टो याच्या काळात भरून केलेलं. तिथून तोप्पुंपडीच्या पुलावरून फोर्ट कोची साधारण १० किलोमीटर पडते. मट्टानचेरी, म्हणजे जुना बाजार, राजवाडा नि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) असलेला भाग, वाटेतच, म्हणजे जहाजाच्या जवळ.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी लांबचं टोक, म्हणजे फोर्ट कोची. मग ऑटोने अडीचेक किलोमीटर मागे मट्टानचेरी. तिथून धक्क्यावर. दिवस जसा कलतो तसे तुम्ही जहाजाजवळ येत जाता, मग उशीर झाला तरी थोडक्यात निभावतं.

काकू_दर्यापूर

मास्तर, कागदावर सगळं बरोबर आहे. पण जहाजाची सहल लोक जागा पाहण्यासाठी घेतच नाहीत, परत पोचण्याच्या हमीसाठी घेतात. जहाजाची स्वतःची बस पुलावर अडकली तर जहाज थांबतं. तुमची ऑटो अडकली तर थांबत नाही, नियमच तसा आहे.

आणि चुकलं तर पुढे काय, ते कोणीच सांगत नाही. पुढचं बंदर लक्षद्वीपचं असेल तर तिथे जायला प्रवेश-परवाना लागतो, आज तिकीट काढून उद्या गाठता येत नाही. उरली केरळ एक्स्प्रेस. एर्नाकुलम टाऊनहून बसायचं, बल्लारशाला नाही तर नागपूरला उतरायचं. घरी येता येतं बाप्पा, पण बॅग, कपडे, बीपीच्या गोळ्या सगळं केबिनमध्ये.

मास्तर_आर्वी

काकू, मान्य. पण त्यावर उपाय बस नाही, उलटा हिशोब आहे. जहाज सुटायची वेळ ५ असेल तर चढायची शेवटची वेळ बहुतेक साडेचार असते, काही जहाजांवर त्याहूनही आधीची. ती वेळ रोजच्या छापील पत्रकावर लिहिलेली असते, गँगवेजवळच्या (जहाजात चढ-उतार करायच्या शिडीजवळच्या) फळ्यावरही असते. आपण लक्षात ठेवायची ती हीच, ५ वाली नाही. साडेचारमधून एक तास सुरक्षेच्या रांगेसाठी आणि बंदराच्या फाटकासाठी काढा: साडेतीन. त्यातून पाऊण तास रस्ता आणि पूल: पावणेतीनला मट्टानचेरी सोडायची, मग समोर कितीही सुंदर काही असो.

सकाळीही तसंच. जहाज ८ ला लागलं म्हणजे तुम्ही ८ ला खाली उतरलात असं होत नाही. कागदपत्रं, गँगवे लावणं, यात अर्धा ते एक तास जातो, आणि सहलीवाल्यांना आधी सोडतात. हातात निव्वळ साडेपाच-सहा तास धरा.

गोळ्यांचं काकूंनी अगदी खरं सांगितलं. दिवसभराच्या नव्हे, दोन दिवसांच्या गोळ्या खिशात. सोबत क्रूझ कार्ड (जहाजाचं ओळखपत्र), मूळ आधार कार्ड, थोडी रोख. पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

भिवापूरची_मिरची

मास्तर, तुमचा ‘आधी लांबचं टोक’वाला क्रम ऐकायला झकास, पण एका कुलपावर अडतो. मट्टानचेरीतलं परदेशी सिनेगॉग दुपारी १ ते ३ बंद असतं. तुम्ही फोर्ट कोचीत जाळी बघत, लिंबू सोडा पीत साडेबारा केले, तर दार लागलेलं, आणि ३ ला उघडेपर्यंत तुमची पावणेतीनची वेळ उलटून गेलेली. म्हणून उलटं करा: उतरल्यावर थेट मट्टानचेरी, १० ला सिनेगॉग, मग शेजारचा डच राजवाडा, आणि दुपारून फोर्ट कोची. फक्त ती लांब पडते, म्हणून तिथून पावणेतीनच्याही आधी निघा. चिनी जाळी काही कुलूप लावून बंद होत नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट वार. राजवाड्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद. सिनेगॉग शनिवारी बंद, शुक्रवारी दुपारनंतर धरूच नका, शिवाय ज्यू सणांना बंद. जहाज शनिवारी लागलं आणि गट १५६८ सालचं सिनेगॉग बघायचं म्हणून निघाला तर बाहेरून १७६० चा घंटाघर-मनोरा पाहून परत. ही गोष्ट बसवाल्यालाही लागू आहे बरं. सहलीच्या यादीत ‘राजवाडा’ लिहिलेला असला तरी त्या वारी तो आतून दाखवणार का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

कंडक्टर_आर्णी

दोघांचंही ऐकलं. गाडीचं कोणीच नीट सांगून नाही राहिलं.

केरळात ऑटोत तीनच माणसं. आपल्याकडे काळीपिवळीत दहा कोंबतात तसं तिथे चालत नाही, चौथ्याला खाली उतरवतात. सहा जणांचा गट म्हणजे दोन ऑटो, आणि दोन्ही ऑटोवाल्यांना उतरायची जागा एकच सांगायची, नाही तं अर्धा गट जाळ्यांपाशी नि अर्धा बॅसिलिकेपाशी.

भाडं: २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये, पुढे किलोमीटरला १५. १० किलोमीटरचे होतात साडेएकशे सत्तावन्न, म्हणजे १६० च्या आत. मीटरने तिन्ही टप्पे मिळून तिघांत सव्वातीनशेच्या आसपास. पण जहाजाच्या दाराशी उभा असलेला ऑटोवाला मीटर टाकत नाही, तो ‘पूर्ण दिवस’ विकतो. फाटकाबाहेर रस्त्यावर या, मग भाव करा. दुप्पट दिले तरी सातशेच्या आत बसतं.

आणि कोणी फारच कमी पैशात दिवसभर फिरवतो म्हणाला, तर तो पैसे तुमच्याकडून घेत नाही, दुकानदाराकडून घेतो. गिऱ्हाईक दुकानात किती वेळ थांबलं त्यावर त्याचं कमिशन. ‘नो शॉप’ आधीच सांगायचं.

भिवापूरची_मिरची

हे दुकानांचं बरोबर बोलले भाऊ. तरी मट्टानचेरीतलं ज्यू टाऊन नि बाजार रोड टाळू नका. तिथे जुन्या मसाल्याच्या वखारी आहेत, सुंठ आणि मिरीचा वास रस्त्यापर्यंत येतो. लाल मिरची आणि हळद मात्र तिथून आणू नका, भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद दोन्हीला भौगोलिक मानांकन घरचंच आहे. घ्यायची तर काळी मिरी आणि वेलची. मिरी घेताना दहा-बारा दाणे पाण्याच्या पेल्यात टाका. भरलेला दाणा बुडतो. पपईची बी किंवा पोचट दाणा तरंगतो. दुकानदार पेला द्यायला कुरकुरला तर पुढच्या दुकानात.

परतवाडा_इतिहास

बसच्या बाजूने एक शब्द बोलतो, कारण इथे सगळे घड्याळ नि पैसे मोजून राहिले. स्वतः फिरणारा सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये जातो, साधी पांढरी इमारत बघतो, दहा मिनिटांत बाहेर. सांगणारं कोणी नसेल तर काहून पाहायचं तेच कळत नाही. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी इथे आधी लाकडी चर्च उभं केलं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, त्याला इथेच पुरलं, १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. आज दिसतो तो कठड्यातला रिकाम्या कबरीचा दगड. वर मान केली तर बाकांवर कापडी पंखे टांगलेले दिसतात, त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर जातात आणि ओढणारा बाहेर बसायचा. हे सांगितल्याशिवाय शंभरातल्या नव्वदांना दिसत नाही.

राजवाड्याचंही तसंच. नाव डच, बांधला पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास कोचीच्या राजासाठी, डचांनी १६६३ नंतर दुरुस्त केला. राजाच्या शयनगृहात भिंतभर रामायण रंगवलंय. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे मोबाइल खिशात ठेवून डोळ्यांनीच बघावं लागतं. सिनेगॉगमध्ये चपला बाहेर, आणि खाली बघा: निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, प्रत्येक हाताने रंगवलेली.

मास्तर_आर्वी

त्यासाठी बसभर माणसांत एक गाइड कशाला? आत्ता तुम्ही जे लिहिलं तेवढं कागदावर उतरवून नेलं तरी पुरे.

काकू_दर्यापूर

मास्तर, कागद वाचायला बसायला सावली लागते. आपला माणूस म्हणतो, आम्ही ४५ डिग्री सोसतो, कोचीचे ३३ काय करणार. इथला उन्हाळा कोरडा, घाम आला की उडतो आणि अंग थंड होतं. तिथे हवेतच एवढा दमटपणा की घाम वाळतच नाही, कपडे अंगाला चिकटतात आणि तासाभरात पाय ओढायला लागतात. नुसतं पाणी पिऊनही गळाल्यासारखं होतं, कारण मीठ जातं. तिथे संभारम म्हणून मीठ, आलं, हिरवी मिरची घातलेलं ताक मिळतं, ते घ्या. राजवाड्यात जिने आहेत, गुडघेवाल्यांनी आधीच ठरवावं.

कंडक्टर_आर्णी

काकू, बसमध्ये एसी असला तरी मट्टानचेरीच्या गल्लीत मोठी बस शिरत नाही. तिथेही चालायचंच.

राहिली वॉटर मेट्रो. २०२४ मध्ये हायकोर्ट ते फोर्ट कोची बोट सुरू झाली, भाडं ४० रुपये, एसी. पण हायकोर्ट जेटी एर्नाकुलमच्या बाजूला, म्हणजे जहाजावरून उलट्या दिशेला जायचं. ऑक्टोबर २०२५ पासून विलिंग्डन बेट आणि मट्टानचेरीलाही जेट्या झाल्या, त्याने पूल टळतो. जाताना वापरा, मजा आहे. परतीला तिच्यावर विसंबू नका. बोटीत मोजकीच माणसं घेतात, सुट्टीच्या दिवशी रांग वाढते, एक बोट हुकली की गणित बिघडलं. शिवाय जेटीपासून जहाजाच्या धक्क्यापर्यंत पुन्हा ऑटो धरा.

जाळ्यांपाशी एक सांगून ठेवतो. दगडांच्या वजनावर ती वर-खाली होतात, ओढायला पाच-सहा माणसं लागतात. ते ‘या, ओढून बघा’ म्हणतात. ओढा खुशाल, पण ते फुकट नाही, आधी विचारून घ्या.

काकू_दर्यापूर

माझ्या गटातल्या साठीच्या वरच्या बायांची नावं मी बसमध्येच लिहिणार, त्यावर वाद नको. बाकीच्यांनी मास्तरांचा उलटा हिशोब आणि भिवापूरवाल्यांचा क्रम घ्यावा.

भिवापूरची_मिरची

काकू, लिहा. पण तुमचं जहाज कोणत्या वारी लागतं ते आधी सांगा. शुक्रवार असेल तर राजवाड्याचे पैसे बसवाल्याला देऊ नका.