टेस्टला परत नापास : गाडी शिकणं सोडायचं, की सरांना सोडायचं?

गव्हला

चारचाकीच्या टेस्टला परत नापास झाले. आता साठ दिवस थांबणं आलं, त्यामुळे भांडायला वेळच वेळ आहे. म्हणून हा धागा.

लर्निंगची परीक्षा घरबसल्या पास झाले होते. स्कूटर कॉलेजपासून चालवते. अडतं ते एकाच ठिकाणी. आठ आकडा निघतो, रिव्हर्स निघतो. चढावर थांबा म्हणतात, थांबते. हँडब्रेक ओढते, पहिला टाकते आणि तिथून पुढे डावा पाय माझा राहत नाही. गुडघा शिलाई मशीनसारखा उडायला लागतो. क्लच एकदम सुटतो, गचका बसून गाडी बंद. परत चालू करायच्या घाईत हँडब्रेक आधी खाली जातो, गाडी मागे येते, खेळ खलास.

क्लासचे सर म्हणतात, "मॅडम, तुम्ही टेन्शन फार घेता." सासूबाई म्हणतात, रिक्षा आहेत की. नवरा काहीच म्हणत नाही, ते जास्त लागतं. आणि एजंटचा निरोप आलाय, थोडे वरचे द्या, फक्त फोटोला या.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे तुटून पडायला सोपं जाईल. टेस्टवर माझा राग नाही. मागे एखादा स्कूटरवाला उभा असता तर त्याच्यावर गेले असते. राग आहे शिकवण्यावर. क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. इतके दिवस चढावर गाडी मी उचलत होते की सर, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. म्हणून म्हणते, वारंवार नापास होणाऱ्याने एजंट गाठू नये आणि शिकणं सोडूही नये. आधी क्लास बदलावा. बोला.

व्यवहारी_पाटील

ताई, मत चांगलं आहे, पण मोकळ्या ट्रॅकवर आठ काढून कुणाला गाडी येते? आमच्या घरात एकानेही धड टेस्ट दिलेली नाही. सगळे गेली कित्येक वर्षं घाटातून गाडी चालवतात, कुणाला साधा ओरखडा नाही. गाडी येते ती चालवून. लायसन्स हा कागद आहे. तो हातात असला की पोलिसाची भीती जाते आणि भीती गेली की पायही थरथरत नाही. आधी कागद, मग सराव. उगाच तत्त्वाच्या नावाखाली स्वतःला किती वेळा तासून घेणार?

खडूस_काका

पाटील, तुमच्या घरातल्यांना ओरखडा नाही. समोरच्यांना पडले असतील त्यांची नोंद ठेवलीत का?

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. हा आकडा सरकारचाच. आणि देशातली ३० टक्के लायसन्सं बोगस आहेत, हे खुद्द गडकरींनी २०१९ साली लोकसभेत सांगितलं होतं. "आधी कागद, मग सराव" हा सराव आमच्या अंगावर होतो, महाराज. मी रोज सकाळी फिरायला जातो, फुटपाथ नाही.

आता धागाकर्तीला. वाईट वाटेल, पण सांगतो. सगळ्यांनी गाडी चालवलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? मला पोहता येत नाही, म्हणून काही अडलं नाही. माझ्या बहिणीने पन्नाशीत नाद सोडला आणि त्या दिवसापासून तिला झोप लागायला लागली. वारंवार तेच होत असेल तर शरीर काहीतरी सांगतंय, ते ऐकावं.

टेम्सकाठची

काका, शरीर काय सांगतंय ते इतक्या लवकर ठरवू नका. इथे इंग्लंडमध्ये निम्म्याहून जास्त टेस्ट नापास होतात. ऑफिसात लोक चहा पिता पिता सांगतात, "काल परत उडाले." लाज वगैरे कुणाला वाटत नाही.

मी भारतात अनेक वर्षं गाडी चालवून आले होते. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने चालवता येतं, मग टेस्ट द्यावीच लागते. माझी ऐट पहिल्याच टेस्टला उतरली. साधारण चाळीस मिनिटं खऱ्या रहदारीत फिरवतात. पंधरापर्यंत किरकोळ चुका माफ, पण गंभीर एक झाली की घरी. माझी गंभीर चूक म्हणजे गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला थांबवून मी आधी घुसले. आपल्याकडे त्याला चपळाई म्हणतात. परत जायला मधे किमान दहा कामाचे दिवस लागतात, आणि तारीख मिळायला महिनोन् महिने.

इथली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. टेस्ट संपली की परीक्षक कुठे काय चुकलं ते सांगतो आणि पूर्ण यादी देतो. पुढच्या वेळी काय घोटायचं ते कळतं. गव्हला, तुला कुणी असं काही लिहून दिलं का?

गव्हला

लिहून? "गाडी मागे आली" एवढंच ऐकलं, तेही पुढच्या उमेदवाराला हाक मारता मारता.

सकारात्मक_साने

ताई, खचू नका! दक्षिण कोरियातल्या चा सा-सून आजी आठवा. ९६० प्रयत्नांनी २०१० साली लायसन्स मिळवलं, वय ६९. ह्युंदाईने त्यांना गाडी भेट दिली. तुम्ही तर अजून सुरुवातही केली नाही!

डॉ_कडुनिंब

साने, त्या आजींची गोष्ट दरवेळी अर्धीच सांगतात. त्या अडकल्या होत्या लेखी परीक्षेत. ती ९५०व्या वेळी सुटली आणि गाडीची टेस्ट त्यानंतरच्या दहाएक प्रयत्नांत झाली. त्यातून गव्हलाला काय मिळणार? तिची लेखी केव्हाच झाली आहे. शिवाय हजार वेळा जा म्हणणं हा काही सल्ला नाही. तीच गोष्ट त्याच पद्धतीने करत राहिलं तर भीती पक्की होत जाते, हे मी रोज बघतो.

पाय थरथरण्याबद्दल. त्यात चारित्र्याचा काही दोष नाही. घाबरल्यावर अ‍ॅड्रेनालिन वाढतं, स्नायू ताठतात आणि अर्धवट दाबून धरलेला पाय थरथरतो. हाफ क्लच म्हणजे नेमकं तेच, अर्धवट दाबून धरणं. म्हणून ब्रेकवरचा पाय शांत असतो आणि क्लचवरचा नाचतो. टाच जमिनीला टेकवून पाहा. सीट अर्धा इंच पुढे घे, गुडघा थोडा वाकलेला राहू दे. टेस्टच्या सकाळी उपाशी जाऊ नकोस आणि चहावर चहा ढोसू नकोस.

नागपूरचा_बाप्पा

डॉक्टर साहेब, एवढं काहून? आमच्या मित्रानं टेस्टच्या आधी धडधड कमी करणारी प्रोप्रानोलोलची गोळी घेतली अन् एका दमात पास झाला ना बे. सरळ सांगा नं ताईले.

डॉ_कडुनिंब

सरळच सांगतो, मित्राची गोळी घ्यायची नाही. दम्याच्या माणसाला ती जिवावर बेतू शकते, नाडी मंद असणाऱ्यालाही चालत नाही. डॉक्टरला दाखवून, आधी एकदा साध्या दिवशी घेऊन बघितल्याशिवाय तर मुळीच नाही. आणि झोपेच्या जातीच्या गोळ्या घेऊन स्टिअरिंगवर बसणारे महाभागही पाहिलेत. टेस्टला जायचंय ना, दवाखान्यात भरती व्हायचं नाही ना?

निवृत्त_निरीक्षक

मी मोटार वाहन खात्यात होतो. चालू लोकांनी माझ्या नावाने बोटं मोडली आहेत, ती मोडोत.

आधी कायदा. नापास झाल्यावर सात दिवसांनी परत देता येते. तीन वेळा झालं की शेवटच्या टेस्टपासून साठ दिवस बंदी. २०१९च्या दुरुस्तीत आणखी एक भर पडली, की अशा उमेदवाराने मान्यताप्राप्त शाळेतून सुधारणा प्रशिक्षण घ्यायचं. म्हणजे कायद्यालाही गव्हलाताईंसारखंच वाटतं, शिकवण्यात काहीतरी कमी पडलं. ते किती पाळलं जातं यावर मी बोलत नाही.

आता पाटलांना. टेस्ट निरुपयोगी आहे हे मला मान्य नाही. रिकाम्या ट्रॅकवर रहदारी कळत नाही, हे बरोबर. पण क्लच, ब्रेक आणि मान यांचा मेळ आहे का, एवढं तिथे नक्की कळतं. बहुतेक लोक आठ आकड्यावर पडत नाहीत. बेल्ट न लावता निघतात, आरशात न बघता वळतात, आणि चढावर घसरतात. चढ खोटं बोलू देत नाही.

पण ताई, तुम्हाला एक उलट प्रश्न. सरांचा पाय त्यांच्या क्लचवर होता हे तुम्हाला तेव्हा कसं कळलं नाही? दुहेरी पेडल असलं की त्यांनी दाबलेलं तुमच्या पायाखाली हलतं. लक्ष खाली गेलं असतं तर जाणवलं असतं. सगळं क्लासवर ढकलू नका.

गव्हला

साहेब, मान्य नाही. जी बाई पहिल्यांदाच गाडीत बसते तिला पेडल किती आपोआप हलतं आणि किती आपण हलवलं हे कळायला तुलना कशाशी करायची? मला वाटायचं, गाडी अशीच असते. आणि "पाय काढा, मला एकटीला करू द्या" म्हटलं तर सर म्हणाले, "मॅडम, गाडी माझी आहे." त्यांचंही खरं, क्लच प्लेट जळली तर खर्च त्यांचा. रोज अर्धा तास, त्यातला निम्मा सिग्नलला. पॅकेज संपलं की टेस्टला उभं करतात, तयार आहात का असं विचारत नाहीत.

व्यवहारी_पाटील

बघा, म्हणजे क्लासवाले, कार्यालय, कायदा, सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि पैसे आणि रजा ताईंच्या. टेस्टची फी ३०० रुपये, पण दर खेपेला बुडालेला दिवस, क्लासची गाडी भाड्याने, ते कुणी मोजत नाही. एजंट लागतो तो इथे. तुम्ही सगळे त्याला शिव्या देता, पण त्याच्याकडे जाणारा माणूस लबाड असतोच असं नाही, कंटाळलेला असतो.

मनीमाऊ

पाटील, हा मुद्दा पटला. एजंटकडे जायचा निर्णय मात्र नाही पटला.

एक मधला मार्ग कुणीच काढला नाही, ऑटोमॅटिक. क्लच नाही तर थरथर नाही. आपल्याकडे दुचाकीच्या लायसन्सला गिअर आणि बिनगिअर असा भेद आहे, चारचाकीला नाही. माझी आई ऑटोमॅटिकवरच शिकली आणि आता भाजीलाही गाडी काढते. क्लच हा काही संस्कार नाही, ज्याच्यावाचून माणूस अडेल.

टेम्सकाठची

इथे तोच घोळ होऊ नये म्हणून ऑटोमॅटिकवर पास झालेल्याला फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. आपल्याकडे तो भेद नाही, म्हणजे क्लच कधी न दाबलेली व्यक्ती उद्या मैत्रिणीची गिअरवाली गाडी घेऊन कायदेशीरपणे सिंहगडाचा चढ चढू शकते. मनीमाऊ, आईला गाडी बदलू देऊ नकोस!

खडूस_काका

प्रथमच कुणीतरी माझ्या बाजूने बोललं.

बुलेट_राजे

बायकांना चढ जमत नाही, उगाच डॉक्टर आणि कायदा कशाला मधे? 😄

डॉ_कडुनिंब

राजे, विम्याच्या कागदांवर आणि अपघात विभागात जे तरुण बघतो त्यांत मिशा असलेलेच जास्त असतात. चढावर गाडी बंद पडून कुणी आमच्याकडे आलेलं आठवत नाही.

निवृत्त_निरीक्षक

राजेंच्या वाक्याला उत्तर द्यायची गरज नाही. गव्हलाताईंचा मुद्दा रास्त आहे, मी थोडा कडक बोललो असेन, पण प्रश्न मागे घेत नाही.

चढासाठी करायचं ते असं. घरची गाडी घ्या, पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लावा, शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवा. हलका चढ शोधा, सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प रात्री उशिरा रिकामा असतो. हँडब्रेक ओढलेला ठेवा. क्लच हळू सोडा, थोडा गॅस द्या. एका क्षणी बॉनेट किंचित वर येतं आणि इंजिनाचा आवाज बसतो. तिथेच पाय थांबवा. आता हँडब्रेक सोडा. गाडी उभीच राहिली पाहिजे. पुढे जायची घाई नको, उभी ठेवा, परत हँडब्रेक ओढा. एवढंच करत राहा. पुढे जाणं नंतर. इंजिन बंद पडलं तर पहिल्यांदा हँडब्रेक, मग चावी. हा क्रम पक्का झाला की मागे येणं थांबेल. क्लच तापल्याचा वास आला तर त्या दिवसापुरतं बस.

गव्हला

हे मला क्लासमध्ये एकदाही कुणी असं सांगितलं नव्हतं. सरांचं वाक्य असायचं, "सोडा, सोडा, सोडा, गॅस!"

काका, तुमच्या बहिणीला झोप लागते हे ऐकून बरं वाटलं, पण माझी झोप वेगळ्या कारणाने उडते. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, पहाटेच्या पाळीला रिक्षा मिळत नाही. म्हणून सोडायचं नाही. पाटील, आणि त्याच कारणाने एजंटही नाही, मागच्या सीटवर आई असणार आहे.

साहेब, एक शंका. साठ दिवस संपेपर्यंत लर्निंगची सहा महिन्यांची मुदत संपते आहे. मग?

निवृत्त_निरीक्षक

नवीन लर्निंग काढा. फी किरकोळ आहे. मात्र काढल्यावर तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही, ते तारखांत धरा. आणि मधल्या काळात लर्निंग नसताना सरावाला गाडी रस्त्यावर काढू नका. पकडलं तर पाच हजार दंड.

व्यवहारी_पाटील

आईचं आधी सांगितलं असतं तर मी गप्प बसलो असतो. तरी एक सांगतो, शिकताना पहिले दोन महिने आईला नेऊ नका, पास झालात तरी. तोवर पहाटेला कुणी लागलं तर इथेच टाका, आपल्याकडचे बरेच जण लवकर उठतात.

खडूस_काका

मी साडेचारला उठतो. लायसन्स १९७९ चं आहे, टेस्ट देऊन मिळवलेलं. निरोप करा.