तालुक्याची टॉकीज पाडू द्यावी का?

पांढरं सोनं

आमच्या तालुक्याच्या गावची (जिल्हा यवतमाळ) एकुलती एक टॉकीज पाडून तिथं दुकानांचे गाळे काढायचं चाललं आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कुलूप लागलं ते आजतागायत निघालं नाही. परवा मुद्दाम जाऊन आलो. तिकिटाच्या खिडकीसमोरचा लोखंडी पिंजरा अजून उभा आहे, एका वेळी एकच माणूस शिरेल एवढा अरुंद. बाकी सगळं गंजलंय, पण हाताच्या उंचीवरचे गज अजून गुळगुळीत आहेत. त्यांच्यावरून माझ्या बापाचा हात फिरलाय, माझाही फिरलाय.

माझं म्हणणं असं, आणि त्यासाठी सह्यांचं निवेदनही काढतो आहे, की नगरपरिषदेने ही इमारत विकत किंवा भाड्याने घ्यावी, दीडशे-दोनशे खुर्च्यांचं थिएटर करावं आणि उरलेल्या जागेत खुशाल गाळे काढावेत. केरळात राज्य सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाची स्वतःची थिएटरं आहेत, चेर्तला, चित्तूरसारख्या लहान गावांतसुद्धा. मग आपल्याकडे का होऊ नये?

आणि हे मी नुसत्या आठवणींपायी म्हणत नाही. आमच्या गावात पारावर कोणी कुठं बसायचं, कोणी उभं राहायचं, हे जातीवर ठरलेलं होतं. टॉकीजात ते तिकिटावर ठरे. थर्डचे पैसे दिले की थर्डच्या बाकावर कोणाच्याही मांडीला मांडी लावून बसा, उठ म्हणणारा कोणी नाही. माझ्या बापाला ते सुख आयुष्यात पहिल्यांदा तिथं मिळालं. कापसाचे पैसे हाती आले की बाजाराच्या दिवशी तो आम्हाला घेऊन जायचा आणि पिक्चर सुरू व्हायच्या अर्धा तास आधीच जाऊन बसायचा. तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं.

मालकाच्या घरातली

दादा, तुमच्या बाबांबद्दल वाचून गलबललं. पण तुम्ही ज्या गजांबद्दल लिहिता त्यांच्या आतल्या बाजूला मी लहानाची मोठी झाले, तर आतली गोष्टही ऐका.

आजोबांनी शेत विकून टॉकीज बांधली. जिल्हाधिकारी कार्यालयाचा परवाना, त्याचं नूतनीकरण, अग्निशमनाचा दाखला, तिकिटांच्या पुस्तकांवर शिक्के आणि करमणूक कराचा हिशेब, यात बाबांची निम्मी जिंदगी गेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के. आमचं सगळ्यात महाग तिकीट साठ रुपये. २०१९ च्या जानेवारीत त्याचे १२ टक्के झाले आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाले. तोवर आमच्या पडद्यावर पाकोळ्यांनी घरटी केली होती.

त्याआधी सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. तो पोळा आणि पुढच्या वर्षीचा पोळा यांतला फरक मी गल्ल्यावर बसून पाहिला आहे. आधी पोळ्याला बाहेर बाकं टाकावी लागत. पुढच्या वर्षी सहाशे खुर्च्यांत चौतीस माणसं होती. मी मोजली, कारण चौतीस माणसांसाठी खेळ चालवायचा की पैसे परत करायचे, हे बाबांनी मला विचारलं होतं. आम्ही चालवला. त्या खेळाची वीजही निघाली नाही.

टाळेबंदीनंतर ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या खुर्च्यांवर थिएटर सुरू करायची परवानगी मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद, २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू. तेवढ्या काळात उंदरांनी वायरिंग खाल्लं. दुरुस्तीला बँकेने कर्ज दिलं नाही. गावातल्या एकानेही विचारलं नाही की काका, टॉकीज कधी सुरू करता? आज पाडायची म्हटल्यावर सगळ्यांना ती आपली वाटते आहे. ती आमची आहे, दादा. बाबांचं वय पंच्याहत्तर. गाळ्यांच्या भाड्यावर त्यांचं म्हातारपण नीट जाईल.

बाभुळबन

ताईचं शंभर टक्के पटलं. नगरपरिषदेकडे नळाले पाणी द्याले पैसा नाई, अन् हे टाकीज चालवतील काय? आठ दिवसाआड पाणी येते आमच्या वार्डात. आधी ते पाहा ना भाऊ.

जि. प. शिक्षिका

पांढरं सोनं यांनी मांडीला मांडी लावून बसण्याचं लिहिलं, ते खरंच आहे. पण ते पुरुषांचं झालं.

त्याच काळात, दुसऱ्या तालुक्यात, मी दहावीत असताना मैत्रिणींबरोबर एकदाच टॉकीजात गेले. बायकांची बसायची जागा वेगळी, मध्ये कंबरेएवढी भिंत. इंटरव्हलला बाहेर जायची सोय नव्हती. बायकांचं म्हणून जे संडास-मुतारीचं खोपटं होतं त्याला कडी नव्हती. मध्यंतरानंतर भिंतीच्या पलीकडून जे सुरू झालं ते इथं लिहीत नाही. आम्ही पिक्चर अर्धा सोडून निघालो आणि घरी तो पूर्ण पाहिल्याचं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर शाळाही बंद झाली असती. पुढे टॉकीजांना उतरती कळा लागल्यावर दुपारी कसले पिक्चर लागत आणि पोस्टर कुठं चिकटवत, तेही आठवा. शाळेच्या रस्त्यावरून मुली माना खाली घालून जात.

तेव्हा ‘सगळे एका छताखाली’ म्हणताना सगळे म्हणजे कोण, ते आधी ठरवा. नवीन थिएटर होणार असेल तर मी विरोधात नाही. कडी लागणारी स्वच्छतागृहं, पार्किंगमध्ये दिवे आणि सहाच्या आत सुटणारा एक खेळ, एवढं आधी नकाशात दाखवा. त्याशिवाय माझी सही मिळणार नाही.

पेटीवाला

मी त्याच टाकीजात एकवीस वर्सं ऑपरेटर होतो. मालकाच्या पोरीनं वयखलंच असन.

पिच्चरच्या धंद्यात आपला भाग अजून ‘सी. पी. बेरार’च म्हनतात, ते जुनं मध्यप्रांत-वऱ्हाड राज्य मोडून सत्तर वर्सं झाले तरी. पेटी अमरावतीहून यष्टीच्या टपावर ये. तीन तासाचा पिच्चर म्हंजे सोळा-सतरा रिळं. दोन-दोन जोडले का एका मशीनवर वीस मिनिटं चाले. संपत आलं का पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल टिपका दिसे. पयल्या टिपक्याले दुसऱ्या मशीनची मोटार चालू करा, सात-आठ सेकंदानं दुसरा टिपका, तवा ह्याचं झाकन बंद अन् त्याचं उघडं. खाली बसल्या मानसाले समजलंच नाई पायजे. कार्बनच्या कांड्या जळत जात, तवा मंदातलं अंतर हातानं सांभाळा लागे, नाईतं पडदा पिवळा पडे. उन्हाळ्यात केबिनमंदी भट्टी.

आता माह्यं मत. लोकं मोबाइलनं गेले हे अर्धंच खरं हाये. उपग्रहावरून पिच्चर याले लागला, तवा मुंबईच्या संगंच सुक्रवारी आपल्या गावात नवा पिच्चर लागे. आधी सहा-सहा मईने वाट पाहा लागे. मंग गर्दी वाढाले पायजे होती का नाई? नाई वाढली. खुर्च्यायले ढेकूण, पंखे बंद, आवाज फाटका. लोकं पिच्चरले नाई कंटाळले, ढेकणाले कंटाळले. मालकाचा मी मीठ खाल्लेला मानूस हाये, तरी हे बोलतो.

मालकाच्या घरातली

काका, ओळखलं. ढेकणांचं खरं आहे, त्यावर काही म्हणत नाही. खुर्च्या बदलायला जे पैसे ठेवले होते ते डिजिटल मशीनमध्ये गेले. दोन्ही जमलं नाही.

झाडीपट्टीवाला

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा देसाईगंजचा. तुम्ही सगळे इमारतीवर भांडताहात, पण आमच्याकडे बघा. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की गावोगावी नाटकं लागतात. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि झुंजूमुंजू होईतो चालतं. थंडीत, जमिनीवर तणसावर बसून, तिकीट काढून लोक पाहतात. घराघरात मोबाइल आहे, तरी पाहतात. याच झाडीपट्टी रंगभूमीच्या डॉ. परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सांगायचं एवढंच, की माणसं घराबाहेर पडत नाहीत हे खोटं आहे. आमच्याकडे नाटक पाहायला पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. कंपनी मात्र कापडाचा मंडप घेऊन फिरते, तिला बारा महिने इमारत पोसावी लागत नाही.

मग सिनेमाही तसाच का फिरू नये? लेहमध्ये ऑगस्ट २०२१ ला हवा भरून उभं राहणारं थिएटर लागलं, अकरा हजार फुटांवर. कापूस निघाल्यावर दोन महिने ते तालुक्या-तालुक्यात फिरवा. जुनी इमारत ताईंना पाडू द्या.

बांधकामवाला

यात भर घालतो. मी अशी दोन जुनी टॉकीजं आतून पाहिली आहेत. छताच्या कैच्या गंजलेल्या, बाल्कनीला एकच जिना, बाहेरच्या दारांना साखळ्या. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये ५९ माणसं गेली. आग खाली, तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला लागली होती. धूर बाल्कनीत भरला आणि बाहेर पडायची वाट अडलेली. त्यामुळे भावनेपोटी जुन्या सांगाड्यात माणसं बसवू नका. ठेवायचंच तर दर्शनी भिंत आणि तो पिंजरा ठेवा, मागचं सगळं नवीन बांधा.

पांढरं सोनं

दोन दिवस विचार करून लिहितो आहे.

शिक्षिका ताईंचं वाचल्यावर घरी आईला विचारलं. ती म्हणाली, “तुझा बाप न्यायचा, आम्ही जायचो. इंटरव्हलच्या आधीपासून पाणी पीत नव्हते.” इतकी वर्षं शेजारी बसून मला हे माहीत नव्हतं. ताई, तुमच्या तिन्ही अटी मी निवेदनात सगळ्यात वर घालतो आहे.

झाडीपट्टीच्या दादांचं मात्र पटत नाही. फिरता मंडप जरूर यावा. पण नाटकासाठी तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, गावचं मंडळ आहे, पाहुण्यारावळ्यांचा गोतावळा आहे. आमच्या तालुक्यात तसं काही राहिलेलं नाही. लग्नाचं लॉन आहे, ते पैसेवाल्यांचं. देवळं आहेत, ती ज्याची त्याची. पन्नास-साठ रुपये दिले की कोणीही आत बसू शकेल अशी पक्की जागा गावात एकही नाही. मंडप चार दिवसांनी उठून जाईल, मग आम्ही पुन्हा पारावर. तिथं काय होतं, ते वर लिहिलंच आहे.

बाभुळबन भाऊ, पाण्याचा मोर्चा काढाल तेव्हा सांगा, मीही येतो. ते झाल्याशिवाय हे मागायचंच नाही, असं मात्र मी मानणार नाही.

मालकाच्या घरातल्या ताई, “एकानेही विचारलं नाही” हे मला लागलं. मीही विचारलं नव्हतं. आता विचारतो. गाळ्यांचा नकाशा मंजूर झाला का?

मालकाच्या घरातली

अजून नाही. दर्शनी बाजूला चौदा गाळे आहेत, मागची बाजू सध्या गोदाम म्हणून दाखवली आहे. दीडशे खुर्च्या बसतील की नाही ते बांधकामवाले दादांनी येऊन मोजावं. पण नगरपरिषदेचं पत्र लेखी हवं, भाड्याच्या आकड्यासकट, आणि दिवाळीच्या आत. तोंडी आश्वासनावर बाबांना आणखी एक वर्ष थांबवणार नाही.

आणि पेटीवाले काका, दोन्ही जुनी मशीनं वर केबिनमध्येच आहेत. भंगारवाला किलोवर मागून गेला, बाबांनी दिली नाहीत. रविवारी घरी या, किल्ली माझ्याकडे आहे.