लॅपटॉप कंपनीचा असला म्हणून घरातले फोटो काढायचे?

वाकडकरीण
काल इथे एकांनी लिहिलं, "लॅपटॉप कंपनीचा, पगार कंपनीचा. स्क्रीन बघितली तर बिघडलं काय? लपवण्यासारखं नसेल तर घाबरता कशाला?" रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचं वन बीएचके. जेवणाचं टेबल हेच माझं ऑफिस, पाठीमागे स्वयंपाकघराचं दार. जानेवारीत लॅपटॉपवर एक ट्रॅकर आला. दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट आणि सोबत कॅमेऱ्यातून फोटो. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मीटिंगमध्ये मॅनेजरने चुकून डॅशबोर्ड शेअर केला तेव्हा कळलं. माझ्या चौकोनात मी, आणि मागे सासूबाई, नुकत्या न्हाऊन आलेल्या, केस पुसताना. अकरा जणांनी बघितलं.

घरी सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. आरशावरची स्वतःची मोठी मरून टिकली काढली आणि कॅमेऱ्यावर चिकटवली. तिसऱ्या दिवशी मला मेल आला, "कॅमेरा झाकलेला आढळला, खुलासा करावा."

क्लायंटचा डेटा बाहेर जाऊ नये म्हणून मशीनवर काय केलं त्याच्या नोंदी, म्हणजे लॉग, ठेवा, पेनड्राइव्ह बंद करा, माझी ना नाही. पण काय बघता, कोण बघतं, किती दिवस ठेवता हे आधी सांगा. आणि माझ्या घरात शिरू नका.

जुना_अॅडमिन
कालची पोस्ट माझीच. चौदा वर्षं हेच काम करतोय. ब्राउझरमध्ये कुलूप दिसलं की लोकांना वाटतं आपण सुरक्षित. आमच्याकडे मशीनवर कंपनीचं रूट सर्टिफिकेट असतं, म्हणजे ब्राउझरने कंपनीवर भरवसा ठेवायचा दाखला. त्यामुळे प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवर बसवलेली कंपनीची यंत्रणा, ते कुलूप मध्येच उघडते, बघते आणि परत लावते. हे जॉइनिंगच्या कागदात लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. मग त्याच मशीनवर आयकर रिटर्न भरतात, स्थळांचे बायोडेटा ठेवतात. एकाने नोटीस पिरियडमध्ये अख्खा सोर्स कोड स्वतःच्या ड्राइव्हवर चढवला. लॉग होते म्हणून सापडला. आणि कायदा हवा असेल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ७ वाचा. नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय डेटा वापरायची मुभा आहे.

फेज३_प्रवासी
मोजायचंच आहे ना, मग सगळं मोजा. माझा दिवस ट्रॅकरवर ९:५० ला सुरू होतो. घर मी आठला सोडतो. हिंजवडीच्या वाटेवर भूमकर चौकात चाळीस मिनिटं क्लच दाबून पायाला गोळे येतात, ते कुठल्या रकान्यात?

एचआरमधली
याचा विषयाशी संबंध काय? ऑफिसजवळ घर घ्यायला कुणी अडवलंय?

फेज३_प्रवासी
भाडं तुम्ही भरता का? बायकोची शाळा सिंहगड रोडला, ती नोकरी सोडेल का? हिंजवडी मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ ला झालं तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. संबंध हाच, की माझे दोन तास जातात ते कंपनीला दिसत नाहीत, आणि चहाला उठलो ती सात मिनिटं 'निष्क्रिय' म्हणून लाल रंगात दिसतात!

एचआरमधली
तो लाल रंग आम्ही ठरवत नाही. माझ्याही नावापुढे येतो. मागच्या महिन्यात एका मुलीला राजीनाम्यापासून परावृत्त करत पाऊण तास कॉन्फरन्स रूममध्ये बसले होते. तो पाऊण तास लालच. उगाच आमच्यावर डाफरू नका.

पिंपरीचे_काका
एकतीस वर्षं कारखान्यात काढली. सुटताना गेटवर रोज डबा उघडून दाखवायचो. वाईट वाटायचं, पण सगळ्यांचाच उघडायचे, आणि समोर उघडायचे. संडासाला किती वेळ लागला हे लिहिणारा एक सुपरवायझर आला, तेव्हा युनियनने दोन दिवसांत ती वही बंद करायला लावली. तुम्हा मुलांना एवढे पगार, पण एकत्र जाऊन विचारायची हिंमत का होत नाही?

वाकडकरीण
काका, विचारलं की अप्रेझलमध्ये दिसतं. हप्ता आहे डोक्यावर.

अॅडमिनदादा, कलम ७ मी वाचलंय. नोकरीचं कारण किंवा कंपनीचं नुकसान टाळणं, असं त्यात आहे. उदाहरणं हेरगिरी आणि व्यापारी गुपितांची आहेत. त्यात माझ्या सासूबाई कुठे बसतात? त्या तुमच्या कर्मचारी नाहीत. २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षी रुमानियातल्या एका इंजिनिअरच्या खटल्यात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कंपनीने याहू मेसेंजरवरच्या गप्पा वाचून त्याला काढलं होतं. भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी केलेल्या गप्पाही त्यात होत्या. नजर ठेवणार हे त्याला आधी सांगितलं होतं का, हे तिथल्या कोर्टांनी नीट तपासलंच नव्हतं.

जुना_अॅडमिन
युरोपचा निकाल इथे लागू नाही, आणि मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतात, खासगी कंपनीविरुद्ध सहसा नाही. कायद्याचं ज्ञान अर्धवट नको.

तरी कॅमेऱ्याचं मान्य करतो. सोर्स कोडची चोरी फोटोतून सापडत नाही, लॉगमधून सापडते. आमच्याकडेही तो पर्याय आला होता, मी बंद ठेवला. माझीही आई घरात असते. बाकी लॉगिंगबद्दल एक शब्द मागे घेणार नाही.

फेज३_प्रवासी
मग हे काल का नाही लिहिलंत?

वाकडकरीण
खुलाशाच्या मेलला आत्ताच उत्तर पाठवलं. फोटो कुठे साठवता, कोण बघतं आणि ते अकरा जणांपुढे आलेले कधी पुसणार, एवढंच विचारलंय. खाली टीममधल्या सहा जणांची नावं आहेत. काकांचं वाचून सकाळी फोन केले होते.