शब्दचर्चा: ‘मुक्त प्रवेश’ म्हटलं की प्रवेश अर्जच आठवतो

प्रश्न:
नाशिकमधल्या एका वाचनालयासाठी माहितीपत्रक करते आहे. संशोधनाचे लेख घरबसल्या कुठे वाचायला मिळतात, एवढाच विषय. ‘ओपन अ‍ॅक्सेस’साठी बऱ्याच ठिकाणी ‘मुक्त प्रवेश’ दिसतो, तोच वापरला. कच्ची प्रत फलकावर लावली, तर दोघांनी विचारलं, “शेवटची तारीख कधी?” यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ इथलंच, त्यामुळे ‘मुक्त’ आणि ‘प्रवेश’ शेजारी आले की अ‍ॅडमिशनच डोळ्यांपुढे येते. ‘खुला प्रवेश’ म्हणावं तर खुला प्रवर्ग आठवतो. सरळ ‘मोफत’ लिहू का?

उत्तर:
ताई, ‘मोफत’ नको. मोफत म्हणजे फक्त पैसे पडत नाहीत. तेही वाचणाऱ्याला, कित्येक नियतकालिकं लेख खुला ठेवण्यासाठी लेखकाकडून शुल्क घेतात.

संशोधन सर्वांना खुलं असावं असं मांडणाऱ्या 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात ‘ओपन अ‍ॅक्सेस’चा अर्थ बराच मोठा आहे: वाचा, उतरवून घ्या, प्रती काढा, वाटा. लेखकाला त्याचं श्रेय मिळावं आणि मजकुराची मोडतोड होऊ नये, एवढीच अट. म्हणून मी दोन शब्द वेगळे ठेवतो. दार उघडं असलं की ‘खुला’. बंधन सुटलं की ‘मुक्त’. द्राक्षावरच्या भुरी रोगाबद्दलचा एखादा लेख नुसता वाचता येत असेल तर तो वाचायला खुला. त्याचा मराठी अनुवाद करून बागायतदारांत वाटता येत असेल तर तो मुक्त. लेखाचं काय करता येईल हे सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने असतात. त्यात ‘बीवाय’ (श्रेय द्या) एवढंच असेल तर श्रेय देऊन अनुवाद वाटता येतो. पुढे ‘एनडी’ (बदललेलं रूप वाटू नका) असेल तर नाही. मराठीत ज्ञान यावं असं ज्याला मनापासून वाटतं, त्याच्यासाठी सगळा प्रश्न या दोन अक्षरांवर अडतो. हा फरक पत्रकात यायलाच हवा.

आणि अडचण ‘मुक्त’ची नाही, ‘प्रवेश’ची आहे. लेखात कोणी प्रवेश करत नाही, लेख मिळतो. ‘मुक्त लेख’ म्हणा.

आणखी एक उत्तर:
‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजना पत्रकातल्या यादीत घालू नका. जानेवारी 2025 पासून 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना मिळू लागली, ही मोठी गोष्ट आहे. पण ती वर्गणी आहे, सरकारने भरलेली. वाचनालयात येणाऱ्या शेतकऱ्याला तिचा उपयोग नाही. ‘सदस्यता’पेक्षा आपला ‘वर्गणी’ शब्द हे लगेच सांगतो. शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार मात्र जरूर घाला. फक्त तिथे असतात ते पीएच.डी.चे प्रबंध, त्यांना शोधनिबंध म्हणू नये.

प्रश्न:
आणि तज्ज्ञांच्या तपासणीआधीच लेखक ऑनलाइन ठेवतात तो लेख, म्हणजे ‘प्रीप्रिंट’? ‘मुद्रणपूर्व’ लिहिलंय.

उत्तर:
बदला. ‘अर्काइव्ह’ (arXiv) हे ऑनलाइन भांडार 1991 पासून असे लेख ठेवतंय, आणि त्यांतले कित्येक कागदावर कधीच छापले जात नाहीत. त्यांच्यात राहिलेली गोष्ट छपाई नव्हे, तज्ज्ञांचं परीक्षण. कोविडच्या काळात औषधांबद्दलचे असे लेख बातम्यांत आले, तेव्हा वाचकाला नेमकं हेच कळायला हवं होतं. ‘परीक्षणपूर्व लेख’ लिहा.

प्रश्न विचारणारी:
बदललं. आता फलकावर असं आहे: “मुक्त लेख: वाचा, वाटा, लेखकाचं नाव देऊन मराठीत आणा. खुले लेख: वाचा, अनुवाद वाटण्याआधी परवाना पाहा. परीक्षणपूर्व लेख: तज्ज्ञांनी अजून तपासलेले नाहीत.”